अठरा सेंटिमीटरवरचे भोक

पुण्यातील आमच्या घरातली माशांची टाकी माझ्या वडिलांची आहे. ती चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहते. गेली कित्येक वर्षे दर रविवारी सकाळी बाबा पंधरा लिटरच्या सहा बादल्या पाणी उपसून टाकत आणि तेवढेच ताजे पाणी भरत. म्हणजे बारा खेपा आणि एकूण १८० किलो वजन. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना जड उचलायला मनाई केली आणि ते काम माझ्याकडे आले. नोकरीच्या धावपळीत मी पंधरा दिवसांतून एकदा, तेही जेमतेम दोन बादल्या पाणी बदलू लागले. पाणी दिसायला स्वच्छ होते, त्यामुळे आपले काही चुकते आहे असे मला तीन-चार महिने वाटलेच नाही.

टाकीत सहा डेनिसन बार्ब आहेत. केरळ आणि कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या वाहत्या नद्यांमधला हा मासा. रुपेरी अंगावर एक काळी आणि तिच्यावर एक लाल रेघ. शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये त्याच्यासाठी जी नवी प्रजाती केली, तिचे नावच ‘सह्याद्रिया’ आहे. निसर्गात त्यांची संख्या धोक्याच्या पातळीपर्यंत घटलेली असल्यामुळे बाबांनी मुद्दाम हौदात पैदास केलेली पिल्ले आणली होती. या माशांना प्राणवायूने भरलेले, सतत ताजे होणारे पाणी लागते. त्यांची लाल रेघ फिकी पडल्याचे प्रथम बाबांच्याच लक्षात आले. मी चाचणीचा संच आणून पाणी तपासले, तेव्हा नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमपर्यंत चढले होते आणि पीएच ६ पर्यंत उतरला होता. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातही नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, हे वाचल्यावर मला फार अपराधी वाटले.

हे असे का झाले, ते साध्या हिशेबातून कळते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र पाणी बदलल्याशिवाय फारसे बाहेर जात नाही. टाकीत आठवड्याला जेवढे नायट्रेट तयार होते, त्याला एक माप म्हणू. पंधरा दिवसांनी १५ टक्के पाणी बदलले, तर नायट्रेट साचत साचत तेरा मापांपर्यंत जाऊन तिथे स्थिरावते, कारण तिथे पोहोचल्यावरच ते १५ टक्के पाणी दोन आठवड्यांची भर बाहेर नेऊ शकते. दर आठवड्याला ४५ टक्के बदलले, तर ते सव्वादोन मापांच्या वर जात नाही. फिल्टर कितीही भारी घेतला तरी हा हिशेब बदलत नाही. बाबांच्या सहा बादल्यांमागे हे गणित होते. ते त्यांनी कधी मांडून दाखवले नव्हते, एवढेच. तेव्हा बादल्यांशिवाय आठवड्याला ९० लिटर पाणी बाहेर जाईल आणि ९० लिटर आत येईल, अशी नळजोडणी करायची असे मी ठरवले.

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत मी आधी बाजूला ठेवली. टाकीच्या काठाशी एक भोक ठेवून दुसरीकडून नवे पाणी सोडत राहायचे, म्हणजे जास्तीचे पाणी आपोआप वाहून जाते, अशी ती पद्धत. परंतु तिच्यात नवे पाणी जुन्यात मिसळत मिसळतच बाहेर पडत असल्यामुळे ९० लिटर ओतूनही जुने पाणी ४५ टक्के न जाता सुमारे ३६ टक्केच जाते. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात, अशा ठिकाणी ताजे पाणी असे वाया घालवणे मला पटले नाही. आधी उपसायचे आणि मग भरायचे, हेच बरे.

उपसण्याचे भोक कुठे पाडायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. प्लंबर म्हणाला, “काका, तळाशीच पाडू, म्हणजे सगळं पाणी निघेल.” बाबा म्हणाले, “सगळं निघालं तर मासे कुठं जातील?” त्यांच्या या प्रश्नावरच पुढची सगळी रचना उभी राहिली. टाकीच्या आतले क्षेत्रफळ पाहता पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने उतरली की पाच लिटर पाणी जाते. त्यामुळे ९० लिटरसाठी १८ सेंटिमीटर उतरली पाहिजे. म्हणून भोक पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या १८ सेंटिमीटर खाली पाडायचे ठरले. व्हॉल्व्ह बंद करायला कोणी विसरले किंवा नळी तुटली, तरी पाणी त्या भोकापर्यंत उतरून थांबेल आणि माशांना निम्म्याहून जास्त पाणी उरेल. बाबांचे वय ७१ आहे आणि मी घरी असतेच असे नाही. कुणाच्या लक्षात राहण्यावर माशांचा जीव टांगून ठेवायचा नाही, असे आम्ही ठरवले.

काचेला भोक पाडण्याची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. टफन केलेली काच भोक पाडताना क्षणात चुरा होते, त्यामुळे ती तशी नाही याची खात्री करणे आवश्यक होते. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून टाकीच्या मागे धरला आणि पोलराइज्ड गॉगल लावून काचेतून पाहिले. टफन काचेत गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात, आमच्या काचेत ते दिसले नाहीत. आपल्याकडे स्थानिक कारागीर ज्या टाक्या जोडून देतात, त्या बहुधा साध्या काचेच्याच असतात, तरी एवढी तपासणी टाळू नये. टँक कनेक्टर, म्हणजे भोकात बसवून नळी जोडायचा तुकडा, आधी विकत आणून त्याचा आट्यांचा भाग मोजला आणि मगच ४५ मिलिमीटरचा डायमंड बिट आणला, कारण एकाच इंची मापाच्या कनेक्टरला कंपनीगणिक वेगळे भोक लागते.

मासे त्यांच्याच पाण्यासह एका मोठ्या ड्रममध्ये हलवले आणि त्यात हवेची नळी सोडली. फिल्टरमधला स्पंजही त्याच पाण्यात बुडवून ठेवला. तो वाळला असता तर त्यातले जिवाणू मेले असते आणि टाकीची घडी पुन्हा बसायला महिनाभर लागला असता. रिकामी टाकी थर्मोकोलवर पालथी, म्हणजे मागची काच वर येईल अशी ठेवली. भोकाच्या जागेभोवती आईने मळून दिलेल्या कणकेचे आळे केले आणि त्यात पाणी भरले, जेणेकरून बिट आणि काच सतत गार राहतील. बिट घसरू नये म्हणून त्याच मापाचे भोक असलेली प्लायवुडची फळी चिकटपट्टीने काचेवर बसवली. ड्रिलची हॅमरची कळ बंद असल्याचे मी दोनदा पाहिले. वेग अगदी कमी ठेवून आणि ड्रिलवर स्वतःच्या वजनाचा भार न टाकता १० मिलिमीटर जाडीची काच पार व्हायला बारा मिनिटे लागली. शेवटच्या मिलिमीटरला हात आणखी हलका केला, कारण काचेच्या खालच्या बाजूचे टवके तेव्हाच उडतात. काचेची गोल चकती आतून लावलेल्या चिकटपट्टीवर अलगद सुटून राहिली, तेव्हा बाबांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

दुसरे भोक वरच्या बाजूला, काठापासून सात सेंटिमीटरवर पाडले. त्यात आतून एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावून तो वर वळवला, म्हणजे टाकी गरजेपेक्षा जास्त भरू लागली तर काठाच्या अडीच सेंटिमीटर खालीच पाणी त्यातून निघून जाईल. ही नळी व्हॉल्व्हच्या पुढे मुख्य निचऱ्याच्या नळीला जोडली. व्हॉल्व्हच्या अलीकडे जोडली असती तर व्हॉल्व्ह बंद असताना तिचा काही उपयोग झाला नसता. कनेक्टरचे रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे आत बसवले आणि नट हाताने आवळून वर फक्त पाव फेरा दिला. सिलिकॉन लावले नाही. पान्याने जोर करण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि काच तिथेच तडकते.

नळ्या यूपीव्हीसीच्या घेतल्या: निचऱ्याला एक इंची आणि भरण्याला पाऊण इंची. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून ड्राय बाल्कनीत असा सहा मीटरचा मार्ग होता. मधली भिंत विटांची आहे, तिच्यात कॉलम किंवा बीम नाही, हे इमारतीच्या नकाशावरून पाहून आणि विजेच्या नळ्या कुठून जातात ते तपासून मगच आरपार भोक घेतले. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधी कळवले. नळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार दिला. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन बसवल्या, म्हणजे पुढे काही बिघडले तर नळी न कापता तो भाग सोडवता येईल. सॉल्व्हंट सिमेंट चोवीस तास वाळू दिले आणि नंतर दोन ड्रम पाणी नळ्यांतून नुसते वाहवून टाकले, कारण ते माशांना घातक असते.

निचऱ्याची नळी ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तेव्हा पाणी मिनिटाला ४० लिटरच्या आसपास येऊ लागले आणि ट्रॅपला ते पेलवेना. बाल्कनीभर पाणी झाले. आता हँडलवर खूण केली आहे. तेवढेच उघडले की मिनिटाला १५ लिटर पाणी येते आणि सहा मिनिटांत काम होते. खताइतके गुणकारी ९० लिटर पाणी दर आठवड्याला गटारात जाताना मात्र बाबांना पाहवेना, म्हणून निचऱ्याच्या नळीला एक टी आणि नळ जोडला. आता निम्मे पाणी कॅनमध्ये भरून सोसायटीच्या बागेत जाते. कॅन माळीदादाच उचलून नेतात. आमचा कढीपत्ता या पाण्यावर जोमाने वाढला आहे.

नव्या पाण्यासाठी बाल्कनीत १०० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवला. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते आपल्याला रोगांपासून वाचवते, पण माशांचे कल्ले भाजते. म्हणून शनिवारी सकाळी ड्रम भरून त्यात हवेची नळी सोडतो, आणि वासावर विसंबून न राहता वर सोडियम थायोसल्फेट घालतो. फोटोग्राफीत ज्याला हायपो म्हणत, तेच हे. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन धरले, तर १०० लिटरला एक ग्रॅम भरपूर होतो.

पंपाबाबत मी पहिली चूक केली. घरात कूलरची जुनी मोटर होती, तीच ड्रममध्ये सोडली. तिच्यावर १.८ मीटर उंची लिहिलेली होती आणि आमच्या टाकीचा काठ जमिनीपासून १.२ मीटरवर आहे, म्हणजे सहज पुरेल असे वाटले. परंतु पंपावर लिहिलेली उंची ही ज्या उंचीला प्रवाह शून्य होतो ती असते, आणि सहा मीटर नळी व पाच एल्बो यांचा अडथळा त्यात धरलेला नसतो. पाणी टाकीत अक्षरशः ठिबकत होते. मग तीन मीटर उंचीचा ४० वॅटचा सबमर्सिबल पंप आणला. तो नऊ मिनिटांत ९० लिटर चढवतो. ड्रमच्या तळाचे शेवटचे दहा लिटर त्याला ओढता येत नाहीत, हेही आमच्या पथ्यावर पडले. ड्रममध्ये जितके पाणी आहे, तितकेच टाकीत जाणार. पंप चालू राहिला तरी घरात पूर येण्याची शक्यता नाही. पाणी संपल्यावर तो कोरडा चालून जळू नये म्हणून त्याला फ्लोट स्विच लावला आणि सगळी वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरून, घेतली.

पंप बंद केल्यावर टाकीतले पाणी त्याच नळीतून उलट ड्रममध्ये परतू लागले, कारण नळीचे तोंड पाण्यात बुडालेले होते आणि ड्रम टाकीपेक्षा खाली आहे. नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा वर पाच मिलिमीटरचे छिद्र पाडताच हवा शिरून हा सायफन तुटला. प्लंबरने एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, सुचवला होता. पण त्याच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी तो गळतो. छिद्रात बिघडण्यासारखे काही नसते.

उपसण्याच्या बाजूला मात्र सायफनने मला खरेच घाबरवले. वाळूवरचा गाळही निघावा म्हणून मी आतल्या कनेक्टरला खाली वळवलेला एल्बो आणि त्याला तळापर्यंत जाणारी लवचीक नळी जोडली होती. गाळ सुरेख निघत होता. पाणी १८ सेंटिमीटर उतरले, आणि तरीही उतरतच राहिले. काही सेकंद मला कारण कळेना. मग ध्यानात आले की भोक कुठेही असले तरी आतल्या नळीचे तोंड जिथे आहे, तिथपर्यंत सायफन पाणी ओढत राहणार. ज्या उंचीच्या भरवशावर सगळी रचना केली होती, तिला मी स्वतःच अडीचशे रुपयांच्या नळीने निकामी केले होते. व्हॉल्व्ह धावत जाऊन बंद केला, तोवर माशांना जेमतेम वीतभर पाणी उरले होते. त्याच संध्याकाळी एल्बोच्या माथ्यावर सहा मिलिमीटरचे छिद्र पाडले. आता गाळाची नळी लावलेली असली तरी पाणी त्या छिद्राच्या खाली गेले की हवा शिरते आणि प्रवाह थांबतो. ही नळजोडणी कोणी करणार असेल, तर व्हॉल्व्ह मुद्दाम उघडा ठेवून पाणी कुठे थांबते ते मासे सोडण्यापूर्वी बघावे, असे मी आग्रहाने सांगेन. मी ते नुसत्या कनेक्टरवर बघितले होते, नळी लावून बघितले नव्हते.

थंडीचा प्रश्न जानेवारीत आला. बाल्कनीतल्या ड्रमचे पाणी १९ अंशांवर आणि टाकी २५ अंशांवर होती. ४५ टक्के पाणी या तापमानाचे घातले असते, तर टाकी एकदम पावणेतीन अंशांनी उतरली असती. आदल्या रात्री ड्रममध्ये हीटर लावायचा, हा उपाय सरळ होता; पण ड्रम रिकामा होत असताना तो चालू राहिला तर हीटरची काच फुटणार. म्हणून बाल्कनीत हीटर आणि पंप यांच्यासाठी एकच सॉकेट ठेवले. पंप लावायचा तर हीटरची पिन काढावीच लागते.

जोडणी पूर्ण झाली त्या दिवशी लगेच ९० लिटर बदलण्याचा मोह आम्ही आवरला. बरेच दिवस न बदललेल्या, आम्ल झालेल्या पाण्यात अमोनिया अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. साडेसात पीएचचे पाणी एकदम घातले तर तोच विषारी रूपात परत येतो. पहिले तीन आठवडे फक्त २० लिटर, मग ४० आणि दुसऱ्या महिन्यापासून पूर्ण ९० लिटर, असे वाढवत नेले. तिसऱ्या महिन्यात नायट्रेट १५ ते २० वर आले आणि पीएच ७ च्या आसपास टिकला. लाल रेघ परत यायला त्याहून थोडा जास्त वेळ लागला. प्लंबरच्या मजुरीसह सगळा खर्च ६,३५० रुपये झाला.

मागच्या महिन्यात बाबांनी व्हॉल्व्ह उघडला आणि तेवढ्यात साताऱ्याहून आत्या आली. चहा झाला, जेवण झाले, आणि दुपारी दोन वाजता बाबांना टाकी आठवली. व्हॉल्व्ह सकाळी दहापासून उघडाच होता. पाणी भोकाच्या खालच्या कडेशी आरशासारखे स्थिर होते. टाकीतला हीटर आणि फिल्टरचे तोंड त्या पातळीच्या खालीच बसवलेले असल्याने दोन्ही बुडालेले होते आणि सहाही मासे नेहमीसारखे कळपाने फिरत होते. बाबांनी व्हॉल्व्ह बंद केला, बाल्कनीत जाऊन हीटरची पिन काढली, पंपाची लावली आणि आत्याला नऊ मिनिटे बसवून पाणी चढताना दाखवले.